वारेचं इंजेक्शन

दुपारी तीनच्या सुमारास प्रसूतिगृहाच्या पहिल्या मजल्यावर, लेबर रूमसमोरच्या लांब बाकावर घरातली तीन माणसं ओळीने बसली होती. गच्चीवरच्या खोलीवरून झालेल्या भांडणानंतर आठ महिन्यांत असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि तेही मधे हातभर जागा सोडून.

एका टोकाला आत्याबाई. मालकांची आत्या, म्हणजे त्यांच्या आईची, मोठ्याबाईंची, नणंद. त्या आल्या होत्या भाचीच्या मायेने, पण मोठ्याबाईंशी एक अक्षर बोलायचं नाही असं घरून ठरवूनच आल्या होत्या. मधे मालक, फोन कानाला लावून. ते या दवाखान्याचा कारभार बघत, डॉक्टरकी त्यांना येत नव्हती, म्हणून सगळे त्यांना मालक म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. दुसऱ्या टोकाला जावई. त्यांचं चष्म्यांचं दुकान. सकाळपासून त्यांनी स्वतःचा चष्मा इतक्या वेळा पुसला होता की काच झिजायची बाकी होती.

समोर औषधांची खिडकी होती आणि खिडकीच्या आत वहिनी. मालकांची बायको. नणंदेने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणून हाक मारली ती अख्ख्या दवाखान्याने उचलली. गेली सतरा वर्षं औषधांचा फ्रिज, कपाटं आणि किल्ल्या तिच्याकडे होत्या.

आणि आत होती ती नणंद, ठकी, जावयांची बायको. वय छत्तीस, शाळेत भूगोल शिकवते, मुलं तिला टरकून असतात, पण घरात ठकी ती ठकीच. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. हे तिसरं, नऊ महिने पूर्ण झालेलं. घरातल्या प्रत्येकाचा जीव टांगणीला लागला होता.

"किती वेळ लावतायत," आत्याबाई भिंतीला ऐकवत म्हणाल्या. "आमच्या वेळी सकाळी गेलेली बाई दुपारी बाळाला घेऊन बाहेर. आणि ही तर घरचीच लेक."

"डॉक्टर म्हणाल्या रात्रीचे आठ-नऊ होतील," जावई म्हणाले. "सगळं ठीक आहे म्हणाल्या."

"डॉक्टर काय, म्हणणारच. त्यांना काय, घड्याळ त्यांचंच."

आता यात आत्याबाईंची फार चूक नव्हती. या दवाखान्याचं नावच त्यावर झालं होतं. मोठ्याबाई, म्हणजे मालकांची आणि ठकीची आई, पस्तीस वर्षं इथे सुईण होत्या. त्यांच्या हाताखाली गेलेली बाई संध्याकाळच्या आत मोकळी व्हायची, असं गावभर बोललं जायचं. हातगुण म्हणायचे लोक. मोठे दवाखाने ओलांडून बायका इथे यायच्या, आणि पहिलाच प्रश्न असायचा, मोठ्याबाई आहेत ना. घरातली प्रत्येक बाळंतीण त्यांच्याच हाताखाली गेली होती. वहिनी चार तासांत मोकळी झाली तेव्हा मोठ्याबाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आमची सून म्हणजे वाघीण. सासूने आयुष्यात एवढी एकच शाबासकी दिली, आणि वहिनीने ती पंधरा वर्षं जपून ठेवली होती.

गेल्या वर्षी नवीन डॉक्टर आल्या आणि मोठ्याबाईंना निवृत्त करण्यात आलं. म्हणजे पगार बंद झाला. यायच्या त्या रोजच, एप्रन घालून, खुर्ची टाकून बसायच्या. डॉक्टर तोंडावर काही बोलत नसत. त्यांची रीत वेगळी होती. ठकीच्या कळा कमी पडतायत असं दिसल्यावर अकरा वाजता त्यांनी कळा वाढवायचं औषध सुरू केलं, पण सलाईनमधून, पंप लावून, थेंबाथेंबाने. दर अर्ध्या तासाला ठोके बघायचे, कागदावर लिहायचे, मग एक थेंब वाढवायचा. मोठ्याबाई हे बघून कपाळाला आठ्या घालायच्या. "स्वयंपाक करतायत की मीठ चाखतायत," असं त्या वहिनीला हळूच म्हणाल्या होत्या, आणि वहिनीला हसू आलं होतं.

तीन वाजता डॉक्टरांना खालच्या वॉर्डात एकीचे टाके बघायला बोलावलं. "दहा मिनिटांत येते," त्या म्हणाल्या. "नर्स आहे आत."

मोठ्याबाईंनी नर्सला चहा प्यायला पाठवलं. ती बिचारी सकाळपासून उपाशी होती, आणि मोठ्याबाई लेकीजवळ बसणार म्हटल्यावर नाही कोण म्हणणार.

साडेतीनला दहा कमी असताना ठकीचा आवाज आला. सकाळपासून ती कण्हत होती, मधे मधे थांबत होती, पाणी मागत होती. आता मधलं थांबणंच गेलं. एकच लांब आवाज, श्वास घ्यायलाही जागा नसलेला. जावई उभे राहिले. जिन्यावरून डॉक्टर धावत आल्या, मागून नर्स, आणि दार आपटलं.

"आली वेळ," आत्याबाई म्हणाल्या. "बघा, मोठ्याबाई जाऊन बसल्या आणि आली वेळ." आठ महिन्यांनी त्यांच्या तोंडून वहिनीसमोर मोठ्याबाईंचं नाव निघालं, तेही कौतुकाने.

दारातून मशीनचा आवाज बाहेर यायचा. बाळाचे ठोके. सकाळपासून तो सगळ्यांच्या कानात बसला होता, घोडा दुडकत जावा तसा. वहिनीने कान दिला. आवाज मंद झाला होता. ती औषधांची माणूस, बाळंतपणातलं तिला फारसं कळत नव्हतं, पण सतरा वर्षं या दाराबाहेर बसून हा आवाज कसा असावा एवढं तिला कळत होतं.

दार उघडून डॉक्टरांनी हाक मारली. "वहिनी, साध्या सलाईनची बाटली आणि ऑक्सिजनचा मास्क. लगेच."

वहिनी दोन्ही घेऊन आत गेली. ठकी डाव्या कुशीवर होती, तोंड उशीत, पलंगाची कड मुठीत धरलेली. पोट दगडासारखं. डॉक्टरांचा एक हात त्या पोटावर होता आणि नजर मशीनवर. ऐंशी. पंचाहत्तर. ऐंशी. मघापर्यंत तिथे एकशे चाळीस असायचे.

"पंप बंद केलाय," डॉक्टर नर्सला म्हणत होत्या, पण खरं तर स्वतःशीच. "येता क्षणी बंद केला. आतापर्यंत कळ सैल पडायला हवी होती. ही सोडत का नाहीये?"

मोठ्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोन्ही हात एप्रनच्या खिशात.

वहिनीने मास्क नर्सच्या हातात दिला, बाटली ठेवायला ट्रॉलीवर जागा केली, आणि तिची नजर ट्रेवर गेली.

या ट्रेची एक रीत होती, आणि ती मोठ्याबाईंनीच घालून दिलेली. कोणतीही बाई लेबर रूममध्ये गेली की खिडकीतून एक स्टीलचा ट्रे आत जायचा. हातमोजे, कात्री, नाळेचा चिमटा, सिरिंज, आणि फ्रिजमधून काढलेली एक काचेची अँप्युल, कापसात गुंडाळलेली. ते वारेचं इंजेक्शन. बाळ बाहेर आलं की वार पडते, तेव्हा रक्त वाहत राहू नये म्हणून ते कंबरेत द्यायचं. बाळ आल्यावर, आधी नाही. आयत्या वेळी धावाधाव नको म्हणून ते आधीच काढून ठेवायचं. सतरा वर्षं वहिनी प्रत्येक ट्रेमध्ये स्वतःच्या हाताने ती अँप्युल ठेवत आली होती. आज सकाळीही ठेवली होती.

कापूस होता. अँप्युल नव्हती. सिरिंजचं पाकीट फाडलेलं होतं.

बाळ तर अजून पोटात होतं.

वहिनीने ते फाडलेलं पाकीट उचलून पाहिलं. हे इंजेक्शन आणि सलाईनमधलं कळा वाढवायचं औषध, दोन्ही एकच. तिच्याच फ्रिजमध्ये, एकाच खणात. डॉक्टर जे अकरापासून थेंबाथेंबाने देत होत्या, ते कोणीतरी अख्खंच्या अख्खं एका दमात दिलं होतं. तिने मोठ्याबाईंकडे पाहिलं. मोठ्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी थोडी. नको, बोलू नको.

सतरा वर्षांत त्या मानेच्या हालचालीवर वहिनीने कितीतरी गोष्टी गिळल्या होत्या. या वेळी किती क्षण गेले ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. मशीनवर सत्तर आलं तेवढं मात्र तिच्या लक्षात राहिलं.

"डॉक्टर," ती म्हणाली. "वारेचं इंजेक्शन दिलं गेलंय. ट्रेमध्ये नाहीये."

डॉक्टरांनी ट्रे पाहिला, मग सिरिंजचं पाकीट. "कोणी दिलं? कधी?"

"मी चहाला गेले होते," नर्स म्हणाली.

"आई, कधी दिलंत?" वहिनीने विचारलं. सासूला असं सरळ तिने कधी काही विचारलं नव्हतं. "आई, सांगा. कधी?"

"तीनला," मोठ्याबाई म्हणाल्या. "तीन वाजून पाच-सात मिनिटं झाली असतील. थोडंसंच—"

"थोडंसं म्हणजे किती? अर्धं?"

"सगळं."

डॉक्टर त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. तेवढा वेळच नव्हता. "सलाईन बंद करता येतं, मोठ्याबाई. कंबरेत टोचलेलं परत काढता येत नाही." मग वहिनीकडे वळून म्हणाल्या, "गर्भपिशवी सैल करायचं इंजेक्शन, खालच्या खणातलं, पळा. नर्स, वर थिएटरला सांगा, भूलवाले डॉक्टर चारच्या ऑपरेशनसाठी आलेलेच आहेत, त्यांना म्हणावं आधी ही. आत्ता."

वहिनी पळाली. पळताना तिने बाकाकडे पाहिलं नाही, पण तिघेही उभे आहेत एवढं तिला जाणवलं. फ्रिज उघडला, खालचा खण, हातातून एक डबी पडली, दुसरी मिळाली. ती परत आली तेव्हा ठकीची गाडी दारातून बाहेर निघत होती. डॉक्टरांनी चालता चालताच इंजेक्शन दिलं. ठकीने जाताना जावयांचा हात धरला आणि लिफ्टपाशी तो सुटला.

मग कॉरिडॉरमध्ये चार माणसं उरली, आणि मोठ्याबाई लेबर रूमच्या दारात.

"काय झालं?" मालकांनी विचारलं. "कोणीतरी सांगा."

वहिनीने सांगितलं. दोन वाक्यांतच झालं सगळं. मोठं काही असं नव्हतंच त्यात. एक अँप्युल, तीन वाजून पाच मिनिटं.

मालकांनी आधी आईकडे पाहिलं, मग बायकोचा दंड धरून तिला खिडकीपाशी नेलं. "अगं, डॉक्टरांसमोर बोलायची गरज होती का? नर्ससमोर? बाजूला घेऊन सांगता आलं असतं."

"ठोके सत्तर होते."

"ते खरं. पण आता हे दवाखान्याचं नाव घेऊन बाहेर जाईल ना. उद्या कोण येणार इथे?"

"अहो, तुमची बहीण आहे वर," वहिनी म्हणाली.

"आणि पंप?" आत्याबाई पुढे आल्या. आश्चर्य म्हणजे त्या मोठ्याबाईंच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या, अगदी शेजारी. "तो पंप बिघडला नसेल कशावरून? मशीनचं काय सांगावं. यांच्या हाताला पस्तीस वर्षांत दोष आला नाही, तो आजच यायचा होता?"

मालकांना तेवढाच आधार मिळाला. "तेच म्हणतो मी. पंपही चालूच होता की. नक्की कशामुळे, ते कोण सांगणार? डॉक्टर बाहेरच्या आहेत, त्यांना दुसरीकडे नोकरी मिळेल."

जावई इतका वेळ लिफ्टच्या बंद दाराकडे बघत होते. ते वळले. सासूशी ते नेहमी खाली बघून बोलायचे, आज सरळ बघितलं. "आई, हे आजच दिलंत का?"

मोठ्याबाईंनी हात एप्रनच्या खिशातून बाहेर काढले.

"की आधीही देत होतात?"

"आधीही," मोठ्याबाई म्हणाल्या.

"कोणाला?"

मोठ्याबाई बाकावर बसल्या. "पहिली होती ती दोन दिवस अडलेली. तेव्हा इथे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. तिचा नवरा दारात बसून रडत होता. मी दिलं आणि तासाभरात सुटली. त्याने माझे पाय धरले." त्या थांबल्या. "मग दुसरीला दिलं. तीही सुटली. बायका ओरडतात हो, जावईबापू. तुम्ही बाहेर असता. मी आत असते. जो त्रास सहा तासांत संपवता येतो तो बारा तास कशाला बघायचा?"

"म्हणजे कोणाकोणाला?"

"सगळ्यांनाच."

मालकांचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यांनी ते मिटलं.

वहिनीच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र सुरू झालं. सतरा वर्षं. एकेका बाईला एकेक अँप्युल. "मग बाळ आल्यावर काय द्यायचात?" तिने विचारलं. "ट्रेमध्ये एकच असायची."

"पोट चोळायचे. माझ्या हाताने थांबायचं रक्त."

"आणि नाही थांबलं तर?"

आत्याबाई मोठ्याबाईंच्या शेजारून हळूहळू बाजूला सरकल्या. एक पाऊल, मग दुसरं. "माझ्या सुनेचं," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की तो आत्याबाईंचाच आहे यावर विश्वास बसेना. "तिचं रक्त थांबलं नव्हतं. पहिलटकरीण होती. पिशवी काढायला लागली होती त्या रात्रीच. पुढे मूल नाही म्हणून मी तिला काय काय बोलले."

"नशिबाचा भाग—" मोठ्याबाई म्हणू लागल्या.

"वहिनी, तिला दिलं होतं का?" आत्याबाई मोठ्याबाईंना आजही वहिनीच म्हणायच्या.

"दिलं होतं," मोठ्याबाई म्हणाल्या.

आत्याबाई बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला, जावयांच्या जागेवर जाऊन बसल्या. गच्चीवरची ती खोली, आठ महिन्यांचा अबोला, सगळं एका क्षणात पोरखेळ होऊन गेलं होतं. त्यांना रडूही येईना. त्या नुसत्या मांडीवर हात चोळत राहिल्या.

वहिनीला विचारायचं नव्हतं. उत्तर तिला ठाऊकच होतं. तरी तिच्या तोंडून निघालंच. "आणि मला?"

"तुलाही. तुला तर किती सोपं गेलं. चार तास." मोठ्याबाईंनी मान वर केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळीही, अगदी त्या वेळीही, थोडासा अभिमान होता.

वहिनीला स्वतःचीच कीव आली. तिचा मुलगा धडधाकट होता, नववीत होता, फुटबॉल खेळत होता, तिचं काहीच बिघडलं नव्हतं. तरी कोणीतरी अंगावरचा दागिना काढून तो पितळेचा आहे असं सांगावं तसं तिला झालं. वाघीण कसली. इतकी वर्षं त्या अँप्युल्या आत पाठवणारे हात तिचेच होते, आणि त्या कधी वापरल्या जातात असं तिने एकदाही विचारलं नव्हतं.

जावयांनी चष्मा काढून हातात धरला होता. "मी काचा घासतो, आई," ते म्हणाले. "पाव नंबर चुकला तर गिऱ्हाईक चौथ्या दिवशी परत येतं, डोकं दुखतं म्हणतं. तुमच्याकडे कोणी परत येऊन काही सांगितलंच नाही?"

"आभार मानायला यायच्या," मोठ्याबाई म्हणाल्या. "बाळ दाखवायला."

चारला पाच कमी असताना लिफ्ट उघडली आणि नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. तेवढं ऐकून मालक बाकावर धपकन बसले, पण नर्सचं बोलणं संपलं नव्हतं. मुलगी आली ती निळी पडलेली, रडली नाही. दोन मिनिटं तोंडावर हवेची पिशवी दाबून श्वास द्यावा लागला. मग रडली, पण अगदी क्षीण. काचेच्या पेटीत ठेवली आहे. ठकीला वेळेत वारेचं इंजेक्शन मिळालं, ते ऑपरेशनच्या ट्रेमधलं. रक्त फार गेलेलं नाही. ती शुद्धीवर आहे, कमरेखालीच भूल दिली होती. आणि ती वहिनीला बोलावते आहे.

"मला?" वहिनी म्हणाली. ठकीची सख्खी आई समोर बसलेली असताना.

"वहिनीला, असंच म्हणाल्या."

मालक तिच्या मागोमाग जिना चढले, आणि तिसऱ्या पायरीवर तिला गाठलं. "हे बघ, तिला आत्ता काही सांगू नकोस. ओली बाळंतीण आहे. पंपाचं काहीतरी झालं एवढंच सांग. नंतर बघू." मग, खालच्या आवाजात, "ती आपली आई आहे गं. सत्तरीला आली. हे तिच्या अंगावर आलं तर ती जगेल का?"

हे मात्र मालकांनी मनापासून म्हटलं होतं. दवाखान्याची काळजी त्यात नव्हती. वहिनीला ते कळलं, आणि म्हणूनच तिला पुढचं काम जड गेलं.

ठकी पाठीवर झोपलेली होती. ओठ फुटलेले, केस कपाळाला चिकटलेले. शेजारी डॉक्टर कागद लिहीत होत्या. जावई येऊन पायथ्याशी उभे राहिले, आणि शेवटी, कोणी बोलावलं नसताना, मोठ्याबाई दारात.

"वहिनी," ठकी म्हणाली, "आईने मला काय दिलं?"

मालकांनी वहिनीकडे पाहिलं.

"तू विचारतेस म्हणजे—" वहिनीने सुरुवात केली.

"सुई टोचली मला. मी विचारलं कशाची. ती म्हणाली पाठ दुखतेय ना, त्याची. मी म्हटलं डॉक्टरांना विचारलंस का. तर म्हणाली हो, त्यांनीच सांगितलंय." ठकीने श्वास घेतला. "डॉक्टर म्हणतायत त्यांनी पाठीचं काही सांगितलंच नव्हतं."

हे वहिनीलाही नवीन होतं. इंजेक्शन दिलं हे एक, पण लेकीने विचारलं आणि तिला खोटं सांगितलं हे दुसरं. मालकांनी डोळे मिटून घेतले.

"वारेचं दिलं," वहिनी म्हणाली. "बाळ यायच्या आधी. लवकर सुटावीस म्हणून."

मोठ्याबाई दारातून दोन पावलं आत आल्या. "ठके, माझ्याने बघवेना गं. एवढ्या बायकांचं बघितलं, पण तुझं नाही बघवलं. तुझे हाल होत होते."

"हाल माझे होते, आई," ठकी म्हणाली. "मी सोसत होते की. कोणी म्हणालं होतं मला सोसवत नाही?"

मोठ्याबाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारायला हात पुढे केला. ठकीने मान फिरवली. तेवढंच केलं तिने. मोठ्याबाईंचा हात थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग खाली आला.

डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्यांनाही हे सोपं जात नव्हतं, त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "इथे लिहावं लागेल. कोणतं इंजेक्शन, किती वाजता, कोणी दिलं. मी दार सोडून खाली गेले होते, तेही मी लिहिलंय. वहिनी, तुम्ही लिहिता का?"

"मी लिहिते," मोठ्याबाई म्हणाल्या.

"आई," मालक म्हणाले. "आई, विचार कर. दवाखाना बंद पडेल."

"पडू दे."

त्यांनी पेन घेतलं. त्यांचं अक्षर मोठं आणि शाळकरी होतं. औषधाचं नाव, तीन वाजून सात मिनिटं, कंबरेत, पूर्ण. स्वतःचं नाव. मग खाली एक ओळ त्यांनी आपणहून लिहिली, की या आधीही दिलेलं आहे, अनेकांना. मालक खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वहिनीने साक्षीदार म्हणून सही केली, आणि ट्रेमध्ये ती अँप्युल मीच ठेवत होते, हेही लिहिलं. ते कोणी विचारलं नव्हतं.

शेजारच्या खोलीत काचेची पेटी होती. मधल्या भिंतीला खिडकी होती, तिच्यातून मुलगी दिसत होती. मूठभर जीव, नाकात नळी, छाती भराभर वरखाली. मोठ्याबाई काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आजवर हजारो बाळं त्यांनी सगळ्यात आधी हातात घेतली होती. या एकीला त्यांचा हात लागला नव्हता.

"ती ठीक होईल ना?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही. तिच्या डोक्याला प्राणवायू किती वेळ कमी पडला त्यावर आहे. पहिले तीन दिवस बघायचं. झटके येतात का, दूध ओढते का, हातपाय कसे हलवते."

"तीन दिवस?"

"निदान तीन दिवस. खरं तर वर्षभर बघावं लागेल."

मोठ्याबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचार वाजत होते. त्यांचे ओठ हलले, काहीतरी मनाशी जुळवल्यासारखे. मग त्यांनी डॉक्टरांची बाही धरली, अगदी तशीच, जशी आजवर कित्येक नवऱ्यांनी आणि सासवांनी लेबर रूमच्या दारात त्यांची धरली होती.

"लवकर कळावं म्हणून तिला काही देता येत नाही का?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "थांबायचं."

वहिनीने कोपऱ्यातली खुर्ची ओढून काचेपाशी आणली. मोठ्याबाई बसल्या.